पन्नास टक्के आले कुठून?

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी तेच. कॅप राउंडची यादी लागते, कुणाची तरी मुलगी दोन मार्कांनी हुकते आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर कटऑफचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. वर ओपनचा आकडा, खाली राखीवचा, त्याखाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग. मग भांडण. भांडण रंगात आलं की कुणीतरी जाणकार मध्ये पडून सांगतो, "अहो, घटनेतच लिहिलंय, पन्नास टक्क्यांच्या वर आरक्षण देता येत नाही." गंमत म्हणजे समोरचाही ते मान्य करूनच पुढचा मुद्दा काढतो.

प्रवेशाबद्दल घटनेत असं कुठंही लिहिलेलं नाही. शिक्षणातलं आरक्षण ज्या कलम १५ वर उभं आहे ते अथपासून इतिपर्यंत वाचा, पन्नास हा आकडा सापडणार नाही. नोकऱ्यांच्या कलम १६ मध्ये तो एका पोटकलमात आहे, पण ते पोटकलम २००० सालचं, अनुशेषाच्या जागा कशा मोजायच्या याबद्दलचं. तिथंही कोर्टाने आधीच घालून दिलेली मर्यादा गृहीत धरून पुढं बोललंय, एवढंच.

मग हा आकडा आला कुठून? मला यावर बरेच दिवस लिहायचं होतं. कारण या आकड्याची गोष्ट आपल्याच मातीत सुरू होते, मद्रास-म्हैसूरला जाऊन येते आणि परत आपल्याच दारात येऊन थांबते. मजकूर लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

सुरुवात कोल्हापूर. २६ जुलै १९०२. शाहू महाराज त्यावेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते आणि इकडे करवीर दरबाराचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. दरवर्षी जयंतीला आपण याचे बॅनर लावतो. पण हुकूम नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात, ज्या बॅनरवर कधी येत नाहीत.

पहिली. हा हुकूम नोकऱ्यांचा आहे, कॉलेजच्या जागांचा नाही. पण तो निघाला शिक्षणासाठीच. दरबाराचं म्हणणं असं की संस्थानात सगळ्या वर्गांना शिकवायचे प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांत त्याला हवं तसं यश आलं नाही, कारण उच्च शिक्षणाचं फळ मोजक्याच लोकांच्या पदरात पडतं. ते फळ सगळीकडे पोचावं, म्हणजे पोरं शिकतील, म्हणून नोकऱ्या राखून ठेवायच्या. जरा विचार करा, हे किती व्यवहारी डोकं आहे. शेतकऱ्याने पोराला आठ-दहा वर्षं शेतातून मोकळं करून शाळेत बसवायचं, तर शेवटी हाताला काय लागणार हे त्याला दिसायला नको? शाहू १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. शिकून मामलेदार झालेला आपला माणूसच ज्याने कधी पाहिला नाही, तो पोराला कशाच्या भरवशावर शिकवणार?

दुसरी गोष्ट, मागासलेले म्हणजे कोण? हुकुमात जातींची लांबलचक यादी नाही. उलट बाजूने व्याख्या केली आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे त्या पन्नास टक्क्यांत मराठा होते, कुणबी होते, जैन, लिंगायत, मुसलमान होते, आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत तेही होते. आज ज्या वादाने महाराष्ट्र दोन भागांत वाटला जातोय त्या वादाचे दोन्ही पक्ष १९०२ साली एकाच ओळीत बसलेले होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या खात्यात या वर्गांचे अधिकारी निम्म्यापेक्षा कमी आहेत, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, असं हुकूम म्हणतो. म्हणजे पन्नास ही खालून गाठायची रेघ होती. निदान इथपर्यंत तरी या, असं सांगणारी. आज आपण पन्नासला 'मर्यादा' म्हणतो तेव्हा वरून दाबणारी रेघ म्हणतो. एकच आकडा, पण साठ वर्षांत त्याची दिशा उलटी झाली. ती कशी, ते पुढं येईल.

बरं, नुसता हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. खरं तर हुकुमाच्या आधीपासून त्यांचं दुसरं काम चालू होतं, वसतिगृहांचं. १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह निघालं, पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरलं. नियमाने कुणाला बंदी नव्हती. दार उघडंच होतं, पण दारापर्यंत येणारी पोरं एकाच आळीतली होती. या अनुभवानंतर १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहायला लागली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकाच्या आसपास यातली काही आजही उभी आहेत. "जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढून महाराजांनी जात वाढवली" असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. त्यांनी त्या १८९६ च्या वसतिगृहाचं काय झालं तेवढं एकदा बघावं.

आणि १९१७ मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण. म्हणजे खाली शाळा, मध्ये राहायची-जेवायची सोय, वर नोकरीची हमी. जिन्याच्या तिन्ही पायऱ्या. त्या काळी कोल्हापुरात खरी अडचण कॉलेजातल्या जागांची नव्हतीच, तिथवर पोचणाऱ्या पोरांची होती. जागा कमी आणि पोरं जास्त, हा आजचा प्रश्न पुढचा.

तो प्रश्न पहिल्यांदा कडाक्याने पेटला मद्रासमध्ये.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांची समिती बसली, ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा देण्यासाठी. हे धोरण न पटून दिवाण विश्वेश्वरय्या बाहेर पडले. (हो, तेच, अभियंता दिनवाले.) मद्रास इलाख्यात जस्टिस पार्टीचं सरकार आलं आणि १९२१ मध्ये पहिला 'कम्युनल जी. ओ.' निघाला. तिथली पद्धत कोल्हापूरपेक्षा वेगळी होती. अर्ध्या जागा राखीव, अर्ध्या खुल्या असं काही नाही. सगळ्या जागांची सरळ वाटणी. स्वातंत्र्याच्या सुमाराला हे वाटप दर १४ जागांमागे असं होतं: ब्राह्मणेतर हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, हरिजन २, अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चन १, मुसलमान १. खुली जागा एकही नाही. प्रत्येकाची स्पर्धा आपापल्या रकान्यात.

हेच वाटप मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लावलं होतं. १९५० मध्ये मद्रास राज्यातल्या चार मेडिकल कॉलेजांत मिळून जागा होत्या ३३० आणि इंजिनिअरिंगच्या ३९५. तेव्हाचं मद्रास राज्य म्हणजे आजचं तमिळनाडू, किनारी आंध्र, रायलसीमा, मलबार, दक्षिण कन्नड, सगळं एकत्र. एवढ्या मुलखाला वर्षाला ३३० डॉक्टर! त्यातल्या काही जागा परराज्यातल्यांसाठी, काही सरकारच्या मर्जीतल्या, उरलेल्या जिल्ह्यांच्या गटांत वाटलेल्या आणि मग प्रत्येक गटात वरचं चौदाचं वाटप. भांडण जातीचं दिसत होतं, पण मुळात ताटात भाकरीच एक होती.

२६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आलं आणि जून महिन्यात चंपकम दोराईराजन नावाच्या ब्राह्मण पदवीधर महिला मद्रास हायकोर्टात गेल्या. मेडिकलला जायची इच्छा आहे, पण चौकशी केल्यावर कळलं की ब्राह्मण असल्यामुळे प्रवेश मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्रत्यक्ष अर्जच केला नव्हता, ही गोष्ट सुप्रीम कोर्टाच्या निकालातही नोंदवलेली आहे. आरक्षणाचे समर्थक हा मुद्दा फार चघळतात. मला त्यात एवढा दम दिसत नाही. कारण सोबत श्रीनिवासन नावाच्या विद्यार्थ्याची इंजिनिअरिंगसाठीची याचिका होती, त्याने रीतसर अर्ज केला होता आणि त्याचे मार्क चांगले होते.

दोन्ही बाजूंनी खरं बोलायचं तर असं. ब्राह्मणांची लोकसंख्या इलाख्यात तीन टक्क्यांच्या आसपास आणि वाटा चौदात दोन. समाज म्हणून मोजलं तर त्यांच्यावर अन्याय झाला म्हणणं अवघड. पण प्रवेश समाजाला मिळत नाही, एका मुलाला मिळतो. आपल्यापेक्षा कमी मार्कांचा मुलगा आत आणि आपण बाहेर, हे त्या एका मुलाने कसं गिळायचं? या दोन मोजमापांतला झगडा १९५१ मध्ये होता, २०२६ मध्येही आहे, आणि कोणत्याही एकाच बाजूचं मोजमाप लावून तो मिटणार नाही हे आपण मान्य करायला तयार नसतो.

सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ९ एप्रिल १९५१ ला मद्रासचा आदेश रद्द केला. कारण सरळ होतं. नोकऱ्यांत मागासवर्गासाठी जागा राखायची मुभा कलम १६(४) ने दिलेली होती. शिक्षणासाठी तशी ओळच घटनेत नव्हती. उलट कलम २९(२) सांगत होतं की सरकारी किंवा अनुदानित संस्थेत केवळ जातीवरून, धर्मावरून प्रवेश नाकारता येणार नाही. घटनाकारांकडून राहून गेलं म्हणा किंवा गरज वाटली नाही म्हणा, पण भोक होतं.

मद्रासमध्ये रान पेटलं. पेरियारांच्या द्रविड कळघमने आंदोलन उभारलं. निकालानंतर जेमतेम महिन्याने, १२ मे रोजी, नेहरूंनी पहिली घटनादुरुस्ती लोकसभेपुढे नव्हे, हंगामी संसदेपुढे मांडली. कारण पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. १८ जूनला ती अमलात आली. कलम १५(४) तेव्हाचं. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी खास तरतूद करता येईल, एवढंच ते म्हणतं. किती करता येईल, ते म्हणत नाही. कॉलेज प्रवेशातलं आपल्या देशातलं बरंचसं आरक्षण या एका पोटकलमाच्या खुंटीवर टांगलेलं आहे आणि ती खुंटी एका मेडिकल प्रवेशाच्या भांडणातून ठोकली गेली.

आता 'किती'चा प्रश्न.

बाबासाहेबांनी याला एकदा स्पर्श केला होता, पण नोकऱ्यांच्या संदर्भात. ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना त्यांनी एक काल्पनिक उदाहरण घेतलं. समजा, वेगवेगळ्या समाजांच्या मागण्या मान्य करत ७० टक्के जागा राखीव झाल्या आणि ३० टक्केच खुल्या उरल्या, तर समान संधीच्या तत्त्वाला काय अर्थ राहिला? म्हणून राखीव जागा अल्पमतात असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. आकडा त्यांनी ठरवून दिला नाही. आणि हे बोलताना ते आरक्षणाचा बचावच करत होते, हे विसरू नये. आज त्या भाषणातला सोयीचा तुकडा प्रत्येक जण कापून नेतो.

आकडा आला १९६२ मध्ये. म्हैसूर राज्याने नागन गौडा समितीच्या अहवालानंतर ३१ जुलै १९६२ ला इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांसाठी आदेश काढला: मागास २८ टक्के, अधिक मागास २२, अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ३. बेरीज ६८. विद्यार्थी थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबरला निकाल लागला. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य. (आताच्या तारीख पे तारीखच्या जमान्यात हे वाचून बरं वाटतं.)

निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. तेच पुढं सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. निकालात बरंच काही आहे. फक्त जात हीच मागासपणाची कसोटी धरता येणार नाही, गरिबी, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण हेही बघा, असं त्यात आहे. आणि मग टक्केवारी. सर्वसाधारणपणे, ढोबळ मानाने बोलायचं तर खास तरतूद पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असावी, किती कमी ते परिस्थितीवर अवलंबून, अशा आशयाचं ते वाक्य आहे.

ढोबळ मानाने! त्यामागे लोकसंख्येचा हिशेब नाही, कोणती पाहणी नाही. खास तरतूद ही अपवाद आहे आणि अपवादाने नियम गिळू नये, हा साधा समतोलाचा विचार आहे. विचार म्हणून तो चुकीचा नाही. पण न्यायमूर्तींनी सावधपणे टाकलेलं एक ढोबळ वाक्य पुढच्या तीस वर्षांत दगडावरची रेघ झालं. १९९२ च्या मंडल निकालात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पन्नास हा नियम पक्का केला आणि अगदी असाधारण परिस्थितीपुरतं दार किलकिलं ठेवलं.

या रेघेने काय केलं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ओबीसींचे २७ टक्के. हा आकडा कुठून आला हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मंडल आयोगाने १९३१ च्या जनगणनेवरून अंदाज बांधून ओबीसींची लोकसंख्या ५२ टक्के धरली. मग ५२ टक्के आरक्षण का नाही सुचवलं? अहवालातच कारण दिलंय. अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेबावीस आधीच दिलेले, कोर्टाची मर्यादा पन्नास. उरले साडेसत्तावीस. म्हणून सत्तावीस. ताटात जेवढी जागा उरली तेवढंच वाढलं. आज ओबीसींचे नेते "आमच्या सत्तावीसला हात लावू नका" म्हणतात तेव्हा ते एका वजाबाकीचं रक्षण करत असतात. आणि मराठा समाजाला "ओबीसीतून नको, वेगळं घ्या" म्हणतात तेव्हा वेगळं द्यायला त्या वजाबाकीने जागाच ठेवलेली नसते. भांडण दोन समाजांत लागलंय, पण भिंत तिसऱ्यानेच घातलेली आहे.

मंडलचं १९९० चं आरक्षण केंद्राच्या नोकऱ्यांपुरतं होतं. केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसी आरक्षण यायला आणखी सोळा-सतरा वर्षं गेली, आणि त्याची ठिणगीही महाराष्ट्रातच पडली. पुण्याचे पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑगस्ट २००५. सुप्रीम कोर्ट म्हणालं, विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकारला आपलं आरक्षण लादता येणार नाही. त्याच निकालात अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा, वाढीव फी घेऊन, ठेवायला मुभा मिळाली. जातीचा कोटा नको, डॉलरचा चालेल. आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून पैसे मोजून घेतलेल्या जागांवर कितीतरी पोरं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली. त्यांच्या गुणवत्तेबद्दल ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरलेला मी अजून पाहिलेला नाही.

इनामदार निकालावर उतारा म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती आली, कलम १५(५) आलं आणि केंद्रीय संस्थांसाठी २७ टक्क्यांचा कायदा झाला. २००६ चं ते एम्समधलं आंदोलन, डॉक्टरांचे संप तेव्हाचे. पण त्या कायद्यात एक कलम होतं, ज्याची आठवण आता कुणाला नाही. खुल्या जागांची संख्या आधीपेक्षा कमी होता कामा नये, त्यासाठी एकूण जागा वाढवा. हिशेब करून बघा. शंभर जागा होत्या, साडेबावीस राखीव, खुल्या साडेसत्याहत्तर. आता राखीव साडेएकोणपन्नास झाल्या, म्हणजे खुल्या उरल्या साडेपन्नास टक्के. तरी आकड्यात त्या साडेसत्याहत्तरच राहायच्या असतील तर एकूण जागा १५४ च्या आसपास हव्यात. म्हणून ५४ टक्के वाढ. वीरप्पा मोईली समितीने त्याचा आराखडा दिला, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. एप्रिल २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. अडचणी आल्या, वर्ग अपुरे पडले, हॉस्टेलच्या एका खोलीत जास्त पोरं कोंबली गेली, प्राध्यापक मिळेनात. पण कुणाच्या ताटातलं काढून कुणाला दिलं नाही. प्रवेशातल्या आरक्षणाच्या इतिहासात भाकरी मोठी करायचा असा मोठा सरकारी प्रयत्न मला दुसरा दिसत नाही.

तमिळनाडूची तऱ्हा वेगळी. तिथं ६९ टक्के आहे. मंडल निकालानंतर त्यांनी कायदा केला, १९९४ मध्ये तो नवव्या अनुसूचीत टाकून घेतला. आपल्याकडचे सगळेच पक्ष निवडणुकीत "तमिळनाडूसारखं करू" म्हणतात. तिथंही वाद कोर्टात गेला तेव्हा पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने ज्या खुल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला असता त्यांच्यासाठी जादा जागा काढायचे आदेश सुप्रीम कोर्टाने दिले होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि आता आपण. महाराष्ट्रात २००१ च्या नोकऱ्यांच्या कायद्यात अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त आणि भटक्यांचे चार गट मिळून ११, विशेष मागास २, ओबीसी १९. बेरीज करा, ५२ येते. म्हणजे मराठा आरक्षणाचा कायदा यायच्या आधीच आपण रेघेच्या पलीकडे उभे होतो आणि कुणाला फारसं काही वाटत नव्हतं.

२०१४ चा सोळा टक्क्यांचा अध्यादेश हायकोर्टात अडकला. मग मूक मोर्चे, गायकवाड आयोग, नोव्हेंबर २०१८ चा कायदा. जून २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो मान्य केला, पण सोळाचे शिक्षणात बारा आणि नोकरीत तेरा केले. सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती, ५ मे २०२१ ला कायदा रद्द. असाधारण परिस्थिती दिसत नाही, पन्नासची रेघ ओलांडता येणार नाही.

या तारखांच्या मधल्या फटीत जी पोरं सापडली त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मे २०१९ घ्या. पदव्युत्तर मेडिकलचे प्रवेश झालेले. नागपूर खंडपीठ म्हणालं, प्रवेशप्रक्रिया कायद्याच्या आधी सुरू झाली होती, यंदा हे आरक्षण लागू नाही. ज्यांना त्या कोट्यातून जागा मिळाली होती ती पोरं आझाद मैदानावर बसली. सरकारने अध्यादेश काढून आरक्षण परत लागू केलं, तर खुल्या गटातली पोरं रस्त्यावर आली. दोन्हीकडे एमबीबीएस झालेली, रात्र-रात्र ड्युट्या करून नीट-पीजी काढलेली मुलं. एकाच महिन्यात तीच जागा एकाची झाली, गेली, परत झाली. दोघांनाही वाटलं दुसऱ्याने आपली जागा चोरली.

तोवर केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना दहा टक्के देऊन टाकले होते. साडेएकोणपन्नास अधिक दहा. पन्नासची रेघ? नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सुप्रीम कोर्ट म्हणालं की ती रेघ काही ताठर नाही आणि तसंही ती या दहा टक्क्यांना लागू नाही. सरन्यायाधीश उदय लळित विरोधी मत देणाऱ्या दोघांत होते. मराठा आरक्षणाला दीड वर्षापूर्वी जी रेघ आडवी आली तीच इथं वाकली. यावर मराठा तरुण चिडला तर त्याला समजावणार काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने पुन्हा कायदा केला, दहा टक्के. बावन्न अधिक दहा अधिक दहा, बहात्तर. प्रकरण परत हायकोर्टात. बिहारने २०२३ मध्ये जातगणना करून ६५ टक्के केले, पाटणा हायकोर्टाने २०२४ मध्ये ते रद्द केले.

माझं मत विचाराल तर, काहीतरी मर्यादा असायला हवी. नसेल तर प्रत्येक निवडणुकीआधी पाच-पाच टक्के वाटले जातील आणि सगळ्यात खालचा माणूस त्या गर्दीत सगळ्यात मागे ढकलला जाईल. भटक्या-विमुक्तांचं आजही तेच होतंय. पण जी मर्यादा एकाला दगडाची आणि दुसऱ्याला रबराची, तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि सगळे टक्क्यांवर भांडतायत तोवर जागा किती आहेत, कोणत्या फीच्या आहेत, हे कुणी विचारत नाही. शेतकऱ्याच्या पोराला बारा टक्के दिले काय आणि दहा दिले काय, खासगी मेडिकलची वर्षाची फी त्याच्या बापाच्या सात-बाऱ्यापेक्षा जड असेल तर ते टक्के कागदावरच राहणार.

१९०२ च्या हुकुमात शेवटी आणखी एक ओळ आहे. या हुकुमाप्रमाणे केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी दरबाराकडे पाठवायचा. दर तीन महिन्यांनी! आपण मात्र २७ टक्के ठरवले ते १९३१ च्या शिरगणतीवर. येत्या जनगणनेत जात मोजायचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला, म्हणजे कोण किती आहेत ते तरी एकदा कळेल. पण कोणत्या समाजातली किती पोरं दहावीनंतर गळाली, किती जणांनी प्रवेश मिळूनही फीपायी जागा सोडली, कुणाला हॉस्टेल मिळालं नाही, हे जनगणनेच्या फॉर्ममध्ये नसतं. त्यासाठी कॉलेजवार तक्ता लागतो.

बोर्डिंगांचा विषय इथं उरकून टाकावा लागला. ती उभी कशी राहिली, त्यांना जमिनी आणि देणग्या कुणी दिल्या, आणि कोल्हापूरचं बघून भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काय केलं, यावर वेगळं लिहितो. कॉमेंटमध्ये वाद जरूर घाला, एखादी तारीख, आकडा खटकला तर सांगा. फक्त कुणाची जात काढू नका, ती कॉमेंट मी डिलीट करणार.